इंग्रजी गटचर्चेत चर्चा होतच नाही, एकापाठोपाठ एक भाषणं होतात. काय बदलावं?

फळाखडू

बिझनेस शाखेच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी चर्चाकौशल्याचा कोर्स आहे. १२ आठवडे, आठवड्याला २ तासांची एक तासिका. वर्ग १८ जणांचा, मातृभाषा सात-आठ. पातळी युरोपीय चौकटीतल्या बी१ पासून सी१ पर्यंत, म्हणजे कुणाची समोरच्याचं बोलणं पकडतानाच दमछाक होते, तर कुणी सहज दहा मिनिटं बोलेल. पुढच्या सत्रात याच विद्यार्थ्यांना केस डिस्कशनला, म्हणजे एखाद्या कंपनीच्या प्रसंगावरच्या वर्गचर्चेला, बसायचं आहे आणि तिथे सहभागाला गुण आहेत.

सध्याची रीत अशी: चर्चेला उपयोगी ४० वाक्यांचं एक हँडआउट, मग 'कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी घ्यावी का' असा एखादा विषय, मग सहा-सहा जणांचे गट आणि २० मिनिटं.

घडतं ते असं. पहिला आपलं मत सांगतो. दुसरा 'आय ॲग्री विथ यू' म्हणून भलतंच काही सांगतो. तिसऱ्याचंही तेच. कुणी कुणाला प्रश्न विचारत नाही. आठव्या मिनिटाला सगळे माझ्याकडे बघायला लागतात. सहांपैकी दोघे बोलतात, दोघे अधूनमधून तोंड उघडतात, दोघे गप्प. हँडआउटमधली वाक्यं येतात, पण वरून चिकटवल्यासारखी.

विषय कसे निवडावेत, वाक्यं कशी शिकवावीत आणि गुण कसे द्यावेत, या तिन्हींवर नेमकं काही हवं आहे.

कृतिपत्रिका

आधी विषयाबद्दल, कारण बाकीचं बरंचसं त्यावरच ठरतं. 'जबाबदारी घ्यावी का' या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर 'हो' असतं आणि ते द्यायला दुसऱ्या कुणाची गरज पडत नाही. गरज नसली की माणूस ऐकत नाही, आणि ऐकलं नाही की प्रश्न सुचत नाही. गटातल्या प्रत्येकाकडे इतरांकडे नसलेलं काहीतरी असेल आणि ते बाहेर आल्याशिवाय निर्णयच होणार नाही, असं काम द्या.

भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभूंनी १९७९ ते १९८४ च्या बंगळूर प्रकल्पात, म्हणजे इंग्रजी शिकवण्याच्या प्रयोगात, कामांचे तीन प्रकार पाडले होते: माहितीतली दरी (एकाकडची माहिती दुसऱ्याकडे नाही), तर्कातली दरी (दिलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढायचा) आणि मतातली दरी (स्वतःचं मत मांडायचं). तुमचे सगळे विषय तिसऱ्या प्रकारातले आहेत, आणि भाषा कच्ची असलेल्याला तोच सगळ्यात अवघड जातो. सुरुवात पहिल्या दोन प्रकारांनी करा.

माझ्या मते सगळ्यात जास्त चालणारा साचा 'लपलेल्या माहिती'चा. १९८५ साली स्टॅसर आणि टायटस या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं होतं की गट सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवरच बोलत बसतो आणि एकेकट्याकडे असलेली माहिती बाहेर येतच नाही. भाषेच्या वर्गात नेमकी हीच खोड कामाला लावता येते.

चौघांच्या गटासाठी असं बांधा. तीन पुरवठादार: क, ख, ग. कागदाच्या चार पट्ट्या करा. प्रत्येक पट्टीवर सामाईक १४ मुद्दे: क च्या चार जमेच्या बाजू, ग च्या दोन जमेच्या आणि दोन्ही उण्या, ख च्या तीन जमेच्या, तीन उण्या. शिवाय प्रत्येक पट्टीवर फक्त तिच्यावरच असलेले दोन मुद्दे: क ची एक उणी बाजू आणि ग ची एक जमेची. एकट्याने वाचलं की क दिसतो चारास एक आणि ग तिनास दोन, म्हणून प्रत्येक जण क निवडून येतो. चारही पट्ट्या एकत्र झाल्या की क होतो चारास चार आणि ग सहास दोन. चौघे एकमुखाने चुकीच्या निवडीवर जमलेले असतात आणि एकमेकांना विचारूनच त्यातून बाहेर पडता येतं.

यात बिघडतं कुठे ते सांगतो. मुद्दे सारख्या वजनाचे हवेत. 'कारखान्यात बालमजूर आहेत' असा एकच मुद्दा घातला की पहिल्या मिनिटाला निकाल लागतो. पट्टीवर पूर्ण वाक्यं लिहू नका, त्रोटक टिपणं लिहा: 'पोच ९ दिवस', 'किमान ऑर्डर ५००० नग'. पूर्ण वाक्य दिलं की ते मोठ्याने वाचून दाखवतात आणि बाकीचे मान खाली घालून स्वतःच्या पट्टीत बघत राहतात. वाचायला ५ मिनिटं द्या, पट्टी पालथी ठेवायला सांगा, अडलं तर उचलून बघायची मुभा ठेवा. एकमेकांना दाखवायची मात्र नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पहिली ६ मिनिटं मत सांगायला बंदी. ज्या गटात सुरुवातीलाच 'मला क वाटतो', 'मलाही' झालं, तो गट तिथेच संपला. त्यानंतर निघालेली माहिती फक्त क ला टेकू द्यायला वापरली जाते. 'सगळी माहिती एकत्र आली तर एक निवड स्पष्टपणे सरस ठरते' हे आधीच सांगून टाका. ते माहीत असलं की गट जास्त खोदतो.

हे दोन-तीन आठवडे जमलं की हितसंबंधांचा वाद आणा. १०० एककांचं बजेट, चार विभाग, प्रत्येक विभागप्रमुखाची मागणी ४० ची आणि ३० च्या खाली गेलं तर काय बंद पडेल याची यादी त्याच्याच हातात. चौघांना ३० दिले तरी १२० होतात, म्हणजे कुणाचं तरी काहीतरी बंद पडणार. इथे 'आय ॲग्री विथ यू' म्हणणाऱ्याला स्वतःच्या खिशातून पैसे मोजावे लागतात, त्यामुळे तो शब्द जपून वापरला जातो. मोकळ्या मताचे विषय आठव्या आठवड्यानंतर.

सहाचा गट मोडा, चारचा करा. तुमच्या वर्गात १८ म्हणजे तीन गट चौघांचे आणि दोन तिघांचे. तिघांना चौथी पट्टी मध्ये उपडी ठेवून द्या, दहाव्या मिनिटाला उलटायची. सहा जण बसले की टेबलाच्या दोन टोकांना दोन गप्पा सुरू होतात, नाहीतर दोघांना गप्प बसायला आडोसा मिळतो.

स्वल्पविराम

कृतिपत्रिकांशी सहमत. मी वाक्यांबद्दल लिहिते.

४० वाक्यांचं हँडआउट वर्गात देऊ नका. आठवड्याला एक चाल (चर्चेत बोलून साधायची एक गोष्ट) आणि तिची चार-पाच वाक्यं, एवढंच. क्रमही पुस्तकांतला नको. पुस्तकं 'मत मांडणं' पहिलं घेतात, पण ते त्यांना येतंच. येत नाही ते मागच्याच्या बोलण्याला धरून बोलणं. म्हणून पहिला आठवडा खात्री करून घेण्याचा: 'सो यू आर सेइंग दॅट...', 'डू यू मीन... ऑर...?' दुसरा, मागचा धागा उचलण्याचा: 'गोइंग बॅक टू व्हॉट यू सेड अबाउट...', 'दॅट कनेक्ट्स विथ...'. तिसरा, मध्ये शिरण्याचा आणि आपली पाळी राखण्याचा: 'कॅन आय कम इन हिअर?', 'सॉरी, कॅन आय जस्ट फिनिश?' मग असहमती, मग गाडी पुढे नेणं: 'व्हेअर डज दॅट लीव्ह अस?' सहमती शेवटी घेतली तरी चालेल.

मध्ये शिरण्यावर थोडं थांबते, कारण गप्प बसणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच अडलेले असतात. संभाषणात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचा काळ साधारण ०.२ सेकंदाचा असतो. २००९ साली दहा भाषांची तुलना झाली, त्यात भाषाभाषांत थोडा फरक दिसला तरी आकडे याच्याच आसपास होते. उलट चित्र बघून एक साधा शब्द उच्चारायलाही माणसाला सुमारे ०.६ सेकंद लागतो, तेही मातृभाषेत. म्हणजे बोलणारा आपलं वाक्य दुसऱ्याचं चालू असतानाच जुळवत असतो. बी१ चा विद्यार्थी ऐकण्यातच पूर्ण गुंतलेला असतो. तो वाक्य जुळवायला घेतो समोरचा थांबल्यावर, आणि तोवर दुसऱ्या कुणीतरी पाळी घेतलेली असते. त्याच्याकडे मुद्दा असतो. उशीर होतो एवढंच.

म्हणून बोलणं दोन तुकड्यांत शिकवा. पहिला तुकडा दोन-तीन शब्दांचा, विचार न करता तोंडातून निघणारा: 'कॅन आय...', 'ऑन दॅट...', 'सॉरी, जस्ट...'. तो समोरच्याच्या शेवटच्या शब्दावर पडला तरी हरकत नाही, पडायलाच हवा. पाळी मिळाली की मग एक श्वास घ्यायचा, बोलणाऱ्याचं नाव घ्यायचं आणि मुद्दा मांडायचा. सराव असा: तिघे बसवा, एक जण सलग बोलत राहतो, दुसऱ्याने २० सेकंदांच्या आत शिरायचंच, तिसरा घड्याळ बघतो. एकेकाला चार फेऱ्या. वर्ग गोंगाटाचा होतो, होऊ द्या. शरीरही शिकवा. शिरण्याआधी माणूस पुढे झुकतो, श्वास आत घेतो, हात टेबलावरून थोडा उचलतो. खुर्चीला टेकून बसलेल्याने अगदी बरोबर वाक्य म्हटलं तरी ते ऐकू जात नाही.

स्वराचंही बघा. 'सॉरी' चा सूर खाली येऊन पुन्हा किंचित वर गेला की ती विनंती होते, धाडकन खाली आपटला की धमकावणी. 'आय सी' सपाट म्हटलं की समोरच्याला वाटतं, याला रस नाही. हँडआउटवर हे छापता येत नाही, म्हणून प्रत्येक वाक्य पहिल्यांदा तुम्ही म्हणून दाखवा, मग सगळ्यांकडून मोठ्याने म्हणून घ्या.

असहमतीसाठी 'आय कम्प्लीटली डिसअग्री' शिकवू नका. खऱ्या मीटिंगमध्ये ते क्वचित ऐकू येतं. नकार जरा उशिरा येतो, 'वेल' ने येतो, आणि सोबत कारण घेऊन येतो. बहुतेक वेळा तो प्रश्नाच्या किंवा अटीच्या रूपात असतो: 'हॅव वी लुक्ट ॲट द डिलिव्हरी टाइम?', 'दॅट वर्क्स इफ द प्राइस स्टेज द सेम.' या दोन साच्यांवर एक अख्खी तासिका घालवा, वाया जाणार नाही. पण याची उलटी बाजूही आहे. काही विद्यार्थी 'मेबी', 'आय थिंक', 'अ लिट्ल बिट' यांचे इतके थर चढवतात की ते विरोध करतायत हे कुणाच्या लक्षातच येत नाही. त्यांना नियम द्या: मवाळ करणारा शब्द एकच, आणि लगेच 'बिकॉज'.

आणखी एक. या वर्गात, आणि यांच्या पुढच्या नोकरीतही, टेबलाभोवतीच्या बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नसणार. त्यामुळे सी१ वाल्यांनाही शिकायचं आहेच: वाक्प्रचार टाळणं, महत्त्वाचा आकडा दोनदा सांगणं, दर तीन-चार वाक्यांनी थांबणं, समोरच्याचा चेहरा कोरा दिसला तर तेच वेगळ्या शब्दांत सांगणं. भराभर बोलून बाकीच्यांना मागे टाकणाऱ्याचं चर्चाकौशल्य कच्चं आहे, आणि हे त्याला पहिल्या आठवड्यातच स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

फळाखडू

दोघांचेही मनापासून आभार. पट्ट्यांचा साचा लगेच बनवायला घेतो. मध्ये शिरण्याच्या सरावाने वेळेचा प्रश्न सुटेल, पण गप्प बसणाऱ्यांत असेही आहेत की ज्यांना शिरायचंच नसतं. आणि गुणांचं काय? बोलण्याच्या पाळ्या मोजून गुण दिले तर नुसते 'येस, आय ॲग्री' ऐकू येतात. बोलण्यासाठी प्रत्येकी तीन सोंगट्या द्याव्यात, बोललं की एक टाकायची, असंही सुचवलं जातं. त्याचा उपयोग होतो का?

चौथी_खुर्ची

सोंगट्यांनी पाळ्या समान होतात, चर्चा होत नाही. तीनच संधी आहेत म्हटल्यावर विद्यार्थी प्रत्येक सोंगटीत मोठं भाषण भरतो, आणि 'म्हणजे नेमकं काय?' असा छोटा प्रश्न विचारण्यात सोंगटी खर्च करत नाही. म्हणजे तुम्हाला जे हवं तेच महाग होतं. वापरायच्याच असतील तर फक्त मत सांगायला सोंगटी लावा. प्रश्न आणि खात्री फुकट. तेवढा बदल केला की खेळ उलटा फिरतो. तेही दोन आठवडेच, नंतर काढून घ्या.

गप्प बसण्याची कारणं निरनिराळी असतात आणि उपाय चुकीच्या कारणावर लावला की काहीच हलत नाही. चर्चा संपताच सगळ्यांना ३ मिनिटांत लिहायला सांगा: गटाने काय ठरवलं, का, आणि तुम्हाला सांगायचा राहून गेलेला एक मुद्दा. ज्याला निर्णयच लिहिता येत नाही, त्याला ऐकून समजत नाहीये. त्याला चर्चेआधी शब्दांची यादी आणि १० मिनिटं तयारी हवी. ज्याचा राहिलेला मुद्दा उत्तम आहे, तो वेळेत अडकलाय किंवा कुणी विचारल्याशिवाय बोलणं त्याला उद्धटपणाचं वाटतं. त्याला 'शिरा' म्हणून ढकलू नका, इतरांना त्याला विचारायला शिकवा. आणि ज्याचा कागद कोरा, त्याने बहुतेक केस वाचलेली नाही. त्याच्यासाठी दारातच चार ओळींचं तयारीचं टिपण मागा. विद्यार्थी अमुक देशाचा म्हणून गप्प, असा निष्कर्ष काढू नका. एकाच देशातल्या दोघांची कारणं वेगळी निघतात.

गप्प बसणाऱ्याला द्यायची सगळ्यात चांगली भूमिका म्हणजे आढावा घेणाऱ्याची. सहाव्या आणि बाराव्या मिनिटाला त्याने सगळ्यांना थांबवून आतापर्यंत काय ठरलं ते सांगायचं: 'कॅन आय चेक व्हॉट वी हॅव सो फार?' वेळ ठरलेली आहे, त्यामुळे शिरण्याची धडपड नाही. मजकूर इतरांचा आहे, त्यामुळे नवीन सुचायची चिंता नाही. आणि थांबवण्याचा अधिकार अधिकृत आहे. उलट 'मुद्दाम विरोध करणारा' ही भूमिका कच्च्या विद्यार्थ्याला कधीही देऊ नका. आपल्याला न पटलेलं मत परक्या भाषेत लढवणं ही दुहेरी कसरत आहे.

फार बोलणाऱ्याला 'कमी बोल' सांगून फरक पडत नाही. त्याला एक फेरी निरीक्षक करा. कागदावर वर्तुळ, त्याभोवती नावं, आणि एकाकडून दुसऱ्याकडे बोलणं गेलं की रेघ. १२ मिनिटांत कागद भरतो आणि दोन नावांमध्ये जाळं, बाकीच्यांकडे एखादी रेघ, हे चित्र त्याच्याच हाताने उमटतं. पुढच्या फेरीत त्याला अट: एक मत मांडायच्या आधी इतरांना दोन प्रश्न.

तुम्ही स्वतः गटात बसू नका. बसलात की प्रत्येक वाक्य तुमच्याकडे बघून म्हटलं जातं. पाठीमागून ऐका, वहीत बघा, नजर देऊ नका. शांतता झाली तरी मध्ये पडू नका. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात आणि तो काळ ३ सेकंदांवर नेला तर उत्तरं लांब आणि जास्त विचारपूर्वक येतात, असं शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं. तो अभ्यास विज्ञानाच्या वर्गांचा होता. परक्या भाषेत ५-६ सेकंद तरी हवेत, आणि ते सेकंद शिक्षकाला फार लांब वाटतात.

आता गुण. २० पैकी, चार निकष, प्रत्येकी ५. पहिला: मागच्या बोलण्याला धरून बोलतो का. दुसरा: मताला कारण किंवा आकडा जोडतो का. तिसरा: इतरांना वाव देतो का, म्हणजे प्रश्न, खात्री, गप्प असलेल्याला बोलावणं. चौथा: समजेल असं बोलतो का. व्याकरण चौथ्यातच, आणि अर्थ अडला तरच गुण कापायचे. केंब्रिजच्या बोलण्याच्या परीक्षांमध्येही परस्परसंवाद हा व्याकरणापासून वेगळा निकष आहे, त्यामुळे विद्यार्थ्यांना हे पटवणं जड जात नाही. एका वेळी एकाच गटातल्या दोघांचेच गुण द्या. चौघांचे एकदम द्यायला गेलात तर जो मोठ्याने बोलतो त्याचेच गुण अचूक येतात. कोर्समध्ये प्रत्येकाचं दोनदा मूल्यमापन होईल असं वेळापत्रक लावा आणि पहिल्या खेपेचे गुण धरू नका.

टक्केवारी

बिझनेसचे विद्यार्थी आहेत म्हणून एक भर घालतो. चर्चा अडते त्यातली पुष्कळ ठिकाणं आकड्यांची असतात आणि ती कुणाच्या ध्यानात येत नाहीत.

चिनी, जपानी आणि कोरियन भाषांत मोठे आकडे दहा हजारांच्या गटाने मोजतात, इंग्रजीत हजारांच्या. त्यामुळे 'थ्री हंड्रेड थाउजंड' म्हणताना त्या विद्यार्थ्याला मनात ३० गुणिले दहा हजार वरून ३०० गुणिले हजार वर यावं लागतं. तिथे तो थांबतो किंवा एका शून्याने चुकतो. युरोपातल्या बऱ्याच भाषांत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब, त्यामुळे तक्त्यातलं १.२५० कुणाला सव्वा दिसतं, कुणाला बाराशे पन्नास. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' चा घोळ आघातात आहे: पहिल्यात दुसऱ्या भागावर जोर, दुसऱ्यात पहिल्या. आणि टक्के व टक्केबिंदू: बाजारहिस्सा ४ टक्क्यांवरून ५ वर गेला तर वाढ एका टक्केबिंदूची, पण २५ टक्क्यांची. अख्ख्या गटाचा वाद यावरून पेटू शकतो आणि दोन्ही बाजू बरोबर असतात.

स्वल्पविराम यांनी खात्री करून घेण्याची वाक्यं पहिल्या आठवड्यात घ्यायला सांगितली आहेत, ती आकड्यांवरच घोटवा: 'इज दॅट वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झिरो?', 'पर मंथ ऑर पर इयर?' आकडा चुकीचा ऐकला गेला की निर्णय उघड चुकतो, त्यामुळे खात्री का करायची ते वेगळं समजवावं लागत नाही. कृतिपत्रिकांच्या पट्ट्यांमध्ये निम्मे मुद्दे तरी आकड्यांचे ठेवा.

फळाखडू

हे सगळं २ तासांत कसं बसवायचं? आणि चुका कधी सुधारायच्या? चर्चा चालू असताना टोकलं की बोलणं थांबतं, नंतर सांगितलं तर कुणाला आठवत नाही.

कृतिपत्रिका

१२० मिनिटांचा आराखडा देतो. मागच्या तासाच्या चालीची उजळणी १०. नव्या चालीचा सराव १५. पट्ट्यांचं वाचन आणि तयारी १०. पहिली फेरी २०. फळ्यावर चुका आणि चांगली वाक्यं २०. दुसरी फेरी २०. रेकॉर्डिंगवर काम १५. उरलेली १० हातात ठेवा, कुठेतरी लागतातच.

दुसरी फेरी कापायचा मोह होईल, कापू नका. खरं शिकणं तिथेच दिसतं. तोच साचा, पण गट बदललेले आणि पट्ट्या नव्या. विषयाचे शब्द ओळखीचे झालेले असतात, त्यामुळे लक्ष चालीकडे देता येतं. पट्ट्यांचा दुसरा संच बनवायला वेळ नसेल तर पुरवठादारांची नावं आणि आकडे बदला, रचना तीच ठेवा. फक्त योग्य निवड यावेळी ख करा, नाहीतर हुशार विद्यार्थी 'ग असणार' म्हणून मोकळे होतात.

चुकांचं असं करा. चर्चा चालू असताना फक्त ऐका आणि वहीत लिहा. बोलता बोलता तुम्ही बरोबर रूप म्हणून दाखवलंत तर बहुतेकदा विद्यार्थ्याला तो होकार वाटतो, चूक दाखवली हे कळतच नाही. लायस्टर आणि रांटा या संशोधकांच्या १९९७ च्या अभ्यासात शिक्षकांची हीच सगळ्यात आवडती पद्धत होती आणि विद्यार्थ्यांनी चूक दुरुस्त करण्याचं प्रमाण तिच्यातच सगळ्यात कमी होतं. पाच मिनिटांनी फळ्यावर आठ वाक्यं लिहा, नावांशिवाय: तीन उत्तम, पाच दुरुस्तीची, सगळी सरमिसळ. कुठली कुठल्या प्रकारची ते जोडीजोडीने ठरवू द्या. पाचांपैकी निदान तीन चालींच्या चुका असाव्यात, व्याकरणाच्या नव्हे. 'इथे तिने प्रश्न विचारला आणि कुणी उत्तरच दिलं नाही, काय म्हणता आलं असतं?' ही पण चूकच आहे, आणि लगेच पुढच्या फेरीत वापरायला मिळते म्हणून लक्षात राहते.

स्वल्पविराम

रेकॉर्डिंगसाठी प्रत्येक गटात एक फोन मध्ये ठेवा, आधी सगळ्यांची लेखी संमती घेऊन. घरी प्रत्येकाने आपल्या गटातली कुठलीही सलग ९० सेकंदं शब्दन्‌शब्द उतरवायची. त्याहून जास्त देऊ नका, ९० सेकंदं उतरवायलाच नवख्याला पाऊण तास लागतो. मग दोन खुणा करायच्या: जिथे कुणीतरी मागच्याचं बोलणं उचललं तिथे अधोरेखा, आणि जिथे स्वतःला शिरता आलं असतं तिथे बाण, बाणाशेजारी काय म्हटलं असतं ते लिहून. पुढच्या तासाच्या पहिल्या १० मिनिटांत हे बाण मोठ्याने म्हणून घ्या. बी१ वाल्या विद्यार्थ्यांच्या कागदावर बाण जास्त येतात, सी१ वाल्यांच्या कागदावर अधोरेखा कमी, आणि पुढच्या आठवड्यात कुणाला कुठली भूमिका द्यायची ते त्यावरूनच ठरवता येतं.